‘निसर्ग हेच एक पात्र’ या वाक्याच्या पुढे: ऑस्ट्रेलियन चित्रपटांवर मराठीत समीक्षा लिहिताना

तुमचा प्रश्न आणि त्यासोबत दिलेला लेखातला उतारा मी दोनदा वाचला. तुम्ही कोल्हापुरात मराठी शिकवता आणि ऑस्ट्रेलियात कधी आलेल्या नाहीत. ‘वेक इन फ्राइट’ (१९७१), ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ (१९७५) आणि ‘सॅमसन अँड डिलायला’ (२००९) या तीन चित्रपटांवर तुम्ही एक दीर्घ लेख लिहिला आणि ‘कथासार व निसर्गवर्णन यांपलीकडे लेख जात नाही’ एवढ्या शेऱ्यासह तो परत आला. परक्या देशाच्या चित्रपटांवर तिथे न राहता समीक्षा लिहिता येते का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे.

मी बावीस वर्षे मेलबर्नमध्ये राहते. त्याआधी पुण्यात चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम केला होता, आणि इथे आल्यापासून ऑस्ट्रेलियन चित्रपट व दूरचित्रवाणी यांवर इंग्रजीत आणि मराठीत लिहीत आले आहे. काही वर्षे संध्याकाळच्या वर्गात समीक्षालेखनही शिकवते. त्या अनुभवावरून सांगते की तुमची अडचण अंतराची नाही. उताऱ्यातले मध्यवर्ती वाक्य असे आहे: ‘या तिन्ही चित्रपटांत ऑस्ट्रेलियाचा निसर्ग हेच एक पात्र आहे.’ माझ्या वर्गात दर सत्रात दोन-तीन जण हेच वाक्य लिहून आणतात आणि त्यांतले बहुतेक इथेच जन्मलेले असतात. वाक्य खोटे नाही. पण त्यामुळे तीन अगदी वेगळ्या चित्रपटांना एकच उत्तर मिळते, आणि ती जमीन कोणाची, तिच्याकडे कोण पाहते आहे, आणि ती तशी दिसावी अशी व्यवस्था कोणी केली, हे तिन्ही प्रश्न विचारायचे राहून जातात. संपादकांना बहुधा तेच खटकले असावे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करते. दूरचित्रवाणीवर लिहायचे असेल तर इथे राहण्याचा फायदा मोठा आहे, कारण मालिका रोजच्या बोलण्यातून, जाहिरातींतून, शेजाऱ्यांच्या तक्रारींतून समजत जाते. चित्रपटाचे तसे नाही. तो पुन्हापुन्हा पाहता येतो आणि लक्ष देऊन पाहणाऱ्याला पुष्कळ देतो. जुने, दुर्मिळ चित्रपट पाहायचे असतील तर कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाशिवाय गत्यंतर नसते, आणि ते कोल्हापुरातून कठीण आहे. तुमचे तिन्ही चित्रपट मात्र त्या वर्गातले नाहीत. तेव्हा ज्यांच्याकडे जाता येते त्यांच्याकडेच नीट जाऊ या.

‘वेक इन फ्राइट’पासून सुरुवात करते, कारण तुमचे वाक्य तिथेच सर्वांत सोयीचे वाटते. सुरुवातीला कॅमेरा एका जागी उभा राहून सावकाश पूर्ण गोल फिरतो: सपाट, कोरडी जमीन, रेल्वेचा रूळ, शाळेची एक खोली, समोर एक हॉटेल, आणि पुन्हा सपाट जमीन. तुम्ही या दृश्यावर अर्धे पान लिहिले आहे आणि ‘निसर्गाने माणसाला कोंडले आहे’ असा निष्कर्ष काढला आहे. पण पुढच्या काही मिनिटांतच नायक, म्हणजे त्या शाळेचा मास्तर जॉन ग्रँट, सांगतो की शिक्षण खात्याकडे त्याचा एक हजार डॉलरचा बाँड आहे. तो भरल्याशिवाय त्याला नोकरी सोडता येत नाही. म्हणजे त्याला कोंडले आहे ते सरकारी बंधपत्राने. नाताळच्या सुट्टीत सिडनीला जाता जाता तो वाटेतल्या खाणगावात दोन नाणी उडवून खेळायच्या जुगारात सगळे पैसे घालवतो, तोही या बाँडातून सुटण्याच्या आशेने. ग्रामीण भागातल्या सक्तीच्या सेवेचा बाँड म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही तरुण डॉक्टरला विचारून पाहा. तुमच्या वाचकाला हा धागा एका क्षणात कळेल आणि तो चित्रपटातच आहे, बाहेरून चिकटवलेला नाही. त्या गोल फिरणाऱ्या कॅमेऱ्याचा अर्थ बाँड कळल्यावर पालटतो: चहूकडे मोकळी जमीन आहे, जायला कुठेही आडकाठी नाही, आणि तरी माणूस जाऊ शकत नाही. भोवतालचा मोकळेपणाच त्याला टोचतो, असे मी त्या दृश्याबद्दल लिहीन.

याच चित्रपटाबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्याचे दिग्दर्शक टेड कोचेफ कॅनडाचे. प्रदर्शित झाला तेव्हा ऑस्ट्रेलियात तो चालला नाही, आणि पुढे त्याची मूळ निगेटिव्ह कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. चित्रपटाचे संकलक अँथनी बकली यांनी अनेक वर्षे शोध घेतला आणि २००४ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या एका गोदामात, नष्ट करण्यासाठी वेगळ्या काढलेल्या डब्यांत ती सापडली. दुरुस्त केलेली प्रत २००९ मध्ये कान महोत्सवात पुन्हा दाखवली गेली. आज जो चित्रपट ऑस्ट्रेलियाचा अभिजात चित्रपट म्हणून शिकवला जातो, तो मधल्या काळात पाहायलाच मिळत नव्हता. म्हणून १९७० च्या दशकावर लिहिताना ‘या चित्रपटाने पुढच्या पिढीला वाट दाखवली’ अशी वाक्ये जपून लिहावी लागतात. वाट दाखवायला तो पडद्यावर तर असायला हवा. कोणता चित्रपट कधी उपलब्ध होता आणि कोणी जपला, हा समीक्षेच्या कामाचाच भाग आहे, आणि इथे ‘स्क्रीन कल्चर’ म्हणतात त्यात तो येतो.

आता ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’. इथल्या निसर्गाचे सौंदर्य तुम्ही फार चांगले टिपले आहे. तो उतारा मी ठेवीन. पण त्या सौंदर्यामागे एक युक्ती आहे आणि एक धोरण. युक्ती अशी की छायाचित्रकार रसेल बॉइड यांनी भिंगावर नवरीच्या ओढणीचे झिरझिरीत कापड लावून चित्रीकरण केले. त्यामुळे उजेड विरघळल्यासारखा दिसतो. धोरण समजायला थोडे मागे जावे लागते. १९७० मध्ये केंद्र सरकारने चित्रपटांना पैसा देणारे महामंडळ सुरू केले आणि १९७५ मध्ये त्याच्या जागी ऑस्ट्रेलियन फिल्म कमिशन आले. सुरुवातीच्या वर्षांत पडद्यावर धांगडधिंग्याच्या, चावट विनोदाच्या चित्रपटांचा जोर होता आणि ते धंदाही करत होते. सरकारी पैशातून देशाची प्रतिमा जायची तर ती सुसंस्कृत असावी, अशी इच्छा त्यानंतर बळावली. कादंबरीवर आधारलेली गोष्ट, विसाव्या शतकाच्या आरंभाचा काळ, सुंदर पोशाख, मंद गती, सोनेरी प्रकाशातली माळराने असा एक साचा तयार झाला. सुझन डर्मडी आणि एलिझाबेथ जॅका यांनी १९८७-८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या अभ्यासात या साच्याला त्या कमिशनचेच नाव देऊन ‘एएफसी जॉनर’ म्हटले. मला हे नामकरण आजही समीक्षेचा उत्तम नमुना वाटते. शैलीचे वर्णन करताना त्यांनी ती शैली कोणाच्या पैशातून आणि कोणत्या सामाजिक प्रतिष्ठेच्या ओढीतून आली हे एकाच शब्दात बांधले.

पण धोरण सांगितले म्हणजे चित्रपट समजला असेही नाही, आणि इथे मी माझ्या काही सहकाऱ्यांशी सहमत नाही. दिग्दर्शक पीटर वीअर यांचा हा चित्रपट त्या साच्यापेक्षा मोठा आहे, आणि ते दाखवायला एक लहान तपशील पुरतो. १४ फेब्रुवारी १९०० च्या सकाळी एका निवासी शाळेतल्या मुली हँगिंग रॉक या खडकावर सहलीला निघतात, आणि त्यांतल्या काही तिथे हरवतात. निघताना मुख्याध्यापिका मिसेस ॲपलयार्ड त्यांना सांगतात की दिवस उष्ण असल्यामुळे गाडीने वुडएंड गाव ओलांडले की हातमोजे काढायला हरकत नाही. गाव संपेपर्यंत मोजे, गाव संपले की मोकळे हात. निसर्ग कुठे सुरू होतो याची रेघ इथे मुख्याध्यापिका आखते. पुढे त्या खडकावर मुली बूट आणि पायमोजे काढतात तेव्हा तीच रेघ त्या आणखी पुढे सरकवत असतात. खडकात काही गूढ शक्ती आहे की नाही यावर पानेच्या पाने लिहिली गेली आहेत. मला त्या हातमोज्यांतून जास्त सापडते.

आणि मग तिसरा प्रश्न, जमीन कोणाची. हँगिंग रॉक मेलबर्नच्या वायव्येला साधारण सत्तर किलोमीटरवर आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वर चढणारी शाळकरी मुले चित्रपटातल्या हरवलेल्या मुलीच्या नावाने ‘मिरांडा! मिरांडा!’ अशा हाका मारत होती, आणि खडकांमधून त्यांचा प्रतिध्वनी येत होता. मीही मारली होती. त्या जागेशी जाजावुरुंग, वॉयवुरुंग आणि टाउंगुरुंग या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे आणि वसाहतीच्या काळात त्यांना तिथून हुसकावले गेले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. २०१७ मध्ये एमी स्पायर्स या कलावतीने ‘मिरांडा मस्ट गो’ नावाची मोहीम सुरू केली. तिचे म्हणणे असे, की कादंबरीतल्या काल्पनिक गोऱ्या मुलींच्या हरवण्याचा आपण इतका शोक करतो की त्याच जागेवरून प्रत्यक्षात हुसकावलेल्या लोकांची आठवण त्याखाली झाकली जाते. या मोहिमेशी तुम्ही पूर्ण सहमत व्हावे असे मी म्हणत नाही. मी स्वतः चित्रपट आजही वर्गात दाखवते. परंतु २०१७ नंतर या चित्रपटाच्या ‘निर्मनुष्य, आदिम निसर्गा’बद्दल लिहिणाऱ्याला ‘निर्मनुष्य’ हा शब्द विचार केल्याशिवाय वापरता येणार नाही. तुमच्या उताऱ्यात तो चार वेळा आला आहे.

या टप्प्यावर तुम्ही तुमच्या यादीत दोन नावे वाढवावीत असे सुचवते, कारण त्यांच्याशिवाय तिसऱ्या चित्रपटाकडे जाणारा पूल लागत नाही. पहिले नाव चार्ल्स शोवेल यांच्या ‘जेडा’चे (१९५५). ऑस्ट्रेलियातला हा पहिला रंगीत कथापट, आणि त्यातल्या दोन्ही प्रमुख भूमिका ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आद्य लोकांतल्या, कलाकारांनी केल्या आहेत. गोऱ्या बाईने वाढवलेली जेडा पियानो वाजवत असते. भिंतीवर तिच्या लोकांच्या वस्तू टांगलेल्या आहेत, आणि त्यांच्याकडे पाहता पाहता तिचे वाजवणे बिथरत जाते. रक्तातले ‘रानटीपण’ शिकवणीवर मात करते, असा या दृश्याचा सरळ अर्थ त्या काळच्या प्रेक्षकाला दिला आहे. शेवटी जेडा कड्यावरून कोसळते. तो कडा नॉर्दर्न टेरिटरीतला आहे असे आपण समजतो, पण शेवटच्या भागाची निगेटिव्ह विमान अपघातात नष्ट झाल्यामुळे ती दृश्ये हजारो किलोमीटर दूर, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समधल्या कनांग्रा वॉल्सवर पुन्हा चित्रित करावी लागली. ‘पात्र’ म्हणून ज्या निसर्गाचे कौतुक व्हायचे तो असा दोन ठिकाणांहून आणून जोडलेला आहे.

दुसरे नाव ट्रेसी मोफॅट यांच्या ‘नाइट क्राइज’ (१९८९) या सतरा मिनिटांच्या लघुपटाचे. जेडा मेलीच नसती तर काय झाले असते, अशी कल्पना करा. मध्यमवयीन झालेली ॲबोरिजिनल मुलगी तिच्या मरणपंथाला लागलेल्या गोऱ्या आईची शुश्रूषा करते आहे. तिला भरवते, स्वच्छतागृहात नेते, तिचे पाय धुते, आणि तिच्या चेहऱ्यावर माया व चीड दोन्ही आहेत. सगळे चित्रीकरण स्टुडिओत, मागे रंगवलेले पडदे, ॲबोरिजिनल चित्रकार अल्बर्ट नामत्जिरा यांच्या जलरंगांची आठवण देणारे. मोफॅट यांनी निसर्ग रंगवून घेतला, म्हणजे तो रंगवलेलाच होता हे उघड केले. एका चित्रपटाने दुसऱ्याची केलेली ही समीक्षा आहे, आणि लेखातून केलेली इतकी नेमकी समीक्षा मी क्वचितच वाचली आहे.

त्या मुलीची भूमिका मार्शा लँग्टन यांनी केली आहे, आणि याच लँग्टन यांनी १९९३ मध्ये ॲबोरिजिनल लोकांच्या आणि त्यांच्याविषयीच्या चित्रपटांवर, दूरचित्रवाणीवर एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातला मुख्य मुद्दा माझ्या शब्दांत सांगते: बहुसंख्य ऑस्ट्रेलियन लोकांचा प्रत्यक्ष ॲबोरिजिनल माणसांशी संबंध येतच नाही, त्यांचा संबंध येतो तो आधीच्या वसाहतवाल्यांनी रचलेल्या कथांशी. म्हणून ‘चांगली’ प्रतिमा की ‘वाईट’ प्रतिमा एवढ्यावर समीक्षेने थांबू नये. ती प्रतिमा कोण कोणाशी बोलून तयार करतो ते पाहावे. हा निबंध तुम्ही मिळवून वाचाच. माझ्या लेखनाचे दोन भाग पडतात, तो वाचण्यापूर्वीचा आणि नंतरचा.

आता ‘सॅमसन अँड डिलायला’. वाळवंटातल्या एका ॲबोरिजिनल वस्तीतून शहरात येणाऱ्या दोन किशोरवयीन मुलांची, सॅमसन आणि डिलायला यांची, ही गोष्ट. दिग्दर्शक वॉरिक थॉर्नटन मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जमध्येच जन्मले आणि वाढले. कॅमेराही त्यांनी स्वतः चालवला. कानमध्ये या चित्रपटाला पहिल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा द’ऑर’ मिळाला. तुम्ही इथेही ‘लाल मातीचा विराट पसारा’ लिहिला आहे. पुन्हा पाहिलात तर दिसेल की चित्रपटाचा मोठा भाग ओट्यावर, कुंपणापाशी, दुकानाच्या भिंतीजवळ आणि शहरात आल्यावर कोरड्या नदीवरच्या पुलाखाली घडतो. एक सार्वजनिक फोन वाजत राहतो आणि तो कोणी उचलत नाही. ओट्यावरचे वादक रोज तीच एक चाल वाजवतात. डिलायलाच्या आजीने रंगवलेली चित्रे एक गोरा माणूस थोड्या नोटा देऊन घेऊन जातो, आणि तसेच चित्र पुढे शहरातल्या कलादालनात हजारो डॉलरच्या किमतीला टांगलेले दिसते. हीच जमीन, कॅनव्हासवर, विक्रीला. निसर्ग हे पात्र आहे म्हणायचे तर त्या पात्राला चित्रपटात किंमत लावलेली आहे आणि पैसे कोणाला मिळतात हेही दाखवले आहे.

एक दृश्य जवळून पाहू. शहरात दोघे रस्त्याने चालले आहेत. सॅमसन पुढे, बाटलीतले पेट्रोल हुंगत, गुंगीत. डिलायला त्याच्या मागे. मागच्या धूसर भागात एक गाडी थांबते, काही तरुण तिला आत ओढतात, गाडी निघून जाते. सॅमसन चालत राहतो. कॅमेरा मागे वळत नाही, संगीत आपल्याला दचकवत नाही, आणि पाहणाऱ्याला क्षणभर खात्रीच पटत नाही की आपण काय पाहिले. वर्गात हे दृश्य दाखवल्यावर मी विचारते, ‘तुम्हाला कधी कळले?’ काहींना लगेच कळते, काहींना सॅमसनने मागे वळून पाहिल्यावर. मग मी विचारते, की ज्यांना उशिरा कळले त्यांची नजर कोणाची होती. गुंगीतल्या मुलाची, हे एक उत्तर. पण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या, फुटपाथवरची ही मुले न दिसणाऱ्या शहराचीही तीच नजर आहे. पुढे असाच प्रसंग पुन्हा येतो: तो पुढे चालतो आहे, तिला मागून गाडीची धडक बसते, आणि त्याला कळत नाही. दिग्दर्शकाने तीच रचना दोनदा वापरली म्हणजे ती अर्थासाठी आहे, हे तुम्ही निःशंक लिहू शकता. त्यासाठी ऑस्ट्रेलियात राहावे लागत नाही. दृश्य तीनदा पाहावे लागते, एकदा आवाज पूर्ण बंद करून.

आतापर्यंतचे थोडक्यात: तिन्ही चित्रपटांत जमीन आहे, पण पहिल्यात ती बाँडाने बांधलेल्या मास्तराला हिणवते, दुसऱ्यात ती मलमलीतून आणि सरकारी अनुदानातून पाहिलेली आहे, आणि तिसऱ्यात तिचे चित्र विकले जाते व तिच्यावर जन्मलेली मुलगी पुलाखाली झोपते. लेखाचा खरा विषय हा फरक आहे.

‘ऑस्ट्रेलियाचा’ या शब्दाबद्दलही दोन गोष्टी सांगते. ‘मॅड मॅक्स’ मालिकेतला २०१५ चा ‘फ्यूरी रोड’ मुख्यतः नामिबियात चित्रित झाला, कारण ब्रोकन हिलच्या परिसरात पाऊस पडून वाळवंटात फुले उमलली होती आणि हवा होता तसा उजाडपणा उरला नव्हता. ‘वेक इन फ्राइट’चे खाणगावही याच ब्रोकन हिलमध्ये चित्रित झाले होते. उलट ‘लायन’ (२०१६) हा ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा चित्रपट खांडव्यात सुरू होतो, आणि त्यातला लहान सरू साकारणारा सनी पवार मुंबईचा. आणि आपल्याकडची ‘हंटरवाली’ (१९३५) नादिया तर पर्थला जन्मलेली. एखादा चित्रपट ‘ऑस्ट्रेलियन’ ठरवताना सरकारी अनुदानासाठी विषय, स्थळ, निर्मात्यांचे नागरिकत्व आणि खर्च कुठे झाला हे पाहिले जाते. समीक्षकाने ती कसोटी जशीच्या तशी उचलू नये, पण अशी कसोटी आहे हे माहीत असावे. पुष्कळ पटकथांमधली अचानक उगवणारी ‘ऑस्ट्रेलियन’ स्थळे त्यामुळे समजतात.

मराठीत लिहिताना शब्दांची अडचण मात्र खरी आहे आणि ती सोडवायला मला बरीच वर्षे लागली. माझ्या सुरुवातीच्या एका लेखात मी ‘बुश’साठी सगळीकडे ‘जंगल’ लिहिले होते. सिडनीच्या एका मराठी वाचकाने पत्र पाठवून कळवले की तुमच्या लेखातला चित्रपट मला मेळघाटात घडल्यासारखा वाटला. त्यांचे बरोबर होते. बुश कधी विरळ रान असते, कधी नुसते माळरान, आणि कधी ‘शहराबाहेरचे सगळे’ एवढाच त्याचा अर्थ असतो. दृश्यात जे दिसते त्याप्रमाणे शब्द निवडा आणि जिथे ती कल्पनाच अभिप्रेत आहे तिथे ‘बुश’ ठेवा. ‘स्टेशन’ म्हणजे हजारो गुरे किंवा मेंढ्या असलेली अवाढव्य जमीनदारी. ‘जेडा’च्या परिचयात हे न सांगितल्यास वाचक रेल्वे स्टेशन समजतो. ‘ड्रीमिंग’चे ‘स्वप्न’ करू नका, कारण त्यात सृष्टीची उत्पत्ती, नीती आणि जमिनीचा कायदा येतात.

‘आदिवासी’ हा शब्द तुम्ही वापरला आहे. तो वापरताच मराठी वाचकापुढे वारली, गोंड, भिल्ल, आरक्षणाची सूची आणि आश्रमशाळा उभ्या राहतात. ‘मूलनिवासी’ला आपल्याकडच्या चळवळींचा स्वतंत्र इतिहास आहे. म्हणून मी शक्य तिथे त्या त्या लोकांचे नाव लिहिते: ‘सॅमसन अँड डिलायला’मध्ये वॉर्लपिरी भाषा आहे, ‘टेन कनूज’ (२००६) योलंगू लोकांचा आहे. सर्वसाधारण उल्लेखासाठी ‘ॲबोरिजिनल’ ठेवते आणि टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक वेगळे आहेत हे विसरत नाही. ‘कंट्री’ या शब्दावर मी अजून अडते. ॲबोरिजिनल इंग्रजीत त्यात जमीन, पाणी, पूर्वज आणि जबाबदारी सगळे येते. ‘देश’ लिहिले तर राष्ट्र वाटते, जरी ‘देशावरचा’ म्हणताना आपण तो प्रदेश या अर्थानेच वापरतो. ‘मुलूख’ जवळचा आहे, पण त्याला सत्तेचा आणि वसुलीचा वास येतो. सध्या मी ‘कंट्री’ लिहून पहिल्यांदा एका वाक्यात समजावते. तुम्ही मराठी शिकवता. तुम्हाला अधिक चांगला शब्द सुचला तर मला मनापासून हवा आहे.

नावांचाही एक शिष्टाचार आहे. अनेक समूहांत मृत व्यक्तीचे नाव आणि चित्र काही काळ टाळले जाते. म्हणून इथल्या कार्यक्रमांच्या आरंभी तशी सूचना येते. ‘वॉकअबाउट’पासून (१९७१) पडद्यावर असलेले थोर अभिनेते डेव्हिड गुल्पिलिल नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले तेव्हा कुटुंबाने काही काळ त्यांना डेव्हिड डलाइथंगू म्हणावे अशी विनंती केली होती, आणि पुढे मूळ नाव वापरायला मोकळीक दिली. समीक्षकाने असे काही लिहिण्याआधी त्या वेळची विनंती काय आहे ते पाहावे.

दूरचित्रवाणीबद्दल थोडेच सांगते, कारण तुमच्या लेखात ती नाही, पण पुढे याल असे वाटते. व्यावसायिक वाहिन्यांना मुख्य वाहिनीवर सकाळी सहा ते मध्यरात्र या वेळेत ५५ टक्के ऑस्ट्रेलियन कार्यक्रम दाखवावे लागतात; इथल्या टीव्हीचा आवाज या नियमाने राखला आहे. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘नेबर्स’ या कौटुंबिक मालिकेतली गल्ली मेलबर्नच्या उपनगरातली खरी गल्ली आहे, आणि त्या गल्लीत कोणाला घर मिळते हा तिच्यावरच्या टीकेचा जुना मुद्दा आहे, कपूर नावाचे भारतीय कुटुंब तिथे २०११ नंतर राहायला आले आणि फार काळ टिकले नाही. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, सिडनीच्या रेडफर्न भागातली ‘रेडफर्न नाउ’ ही मालिका आली. तिचे लेखन, दिग्दर्शन आणि निर्मिती ॲबोरिजिनल लोकांनी केलेली आहे, आणि तिच्यात लाल माती नाही, विटांची घरे आणि पोलीसगाड्या आहेत. तुमच्या घरी लहान मूल असेल तर ‘ब्लूई’ या कार्टून मालिकेचा सात मिनिटांचा भाग पाहा: खांबांवर उभे, रुंद व्हरांड्याचे ते घर ब्रिस्बेनचे आहे. घर कसे दाखवले आहे यावर लिहिण्याचा सराव करायला याहून सोपी जागा नाही.

आता कामाचे. तीन चित्रपटांचा लेख सध्या बाजूला ठेवा. ‘सॅमसन अँड डिलायला’मधल्या त्या रस्त्याच्या दृश्यावर सहाशे शब्द लिहा. कथा दोन वाक्यांपेक्षा जास्त सांगू नका. ‘निसर्ग’, ‘पात्र’, ‘निर्मनुष्य’, ‘विराट’ हे शब्द वापरू नका. दृश्यात कोण कुठे आहे, काय स्पष्ट आणि काय धूसर आहे, काय ऐकू येते, हे आधी. त्यानंतर तुम्हाला ते कधी कळले, हे प्रामाणिकपणे. आणि मग ते आजीच्या चित्राच्या दृश्याशी कसे जोडले जाते. मराठीतल्या आस्वादक समीक्षेने तुम्हाला शब्दांकडे बारकाईने पाहायला शिकवले आहे, तीच सवय इथे कामाला येईल. हे सहाशे शब्द झाले की तुमच्या मूळ प्रश्नाखालीच ते टाका. मी वाचून सविस्तर कळवीन, आणि मग ‘पिकनिक’मधल्या हातमोज्यांवर बोलू.